शेंडी कुठल्या बाजूला

राऊच्या अलीकडे आमची छत्तीस घरांची सोसायटी.
सेक्रेटरी मी. म्हणजे वही माझ्याकडे,
आणि एप्रिलपासून शिव्याही.

माळव्यात म्हणे पावलोपावली पाणी.
आमच्या पावलांखाली काळा पाषाण,
तिसऱ्या दिवशी टँकर,
टँकरमागे बादल्या, बादल्यांमागे भांडण.

आधी झोकरकर काका आले, सी-ब्लॉकमधलेच.
मिलमधून रिटायर. अनवाणी,
तळहातावर आडवा नारळ,
ओठांत काहीतरी, डोळे मिटलेले.
टाकीमागच्या बदामाशी नारळ उभा राहिला.
मी पाहिलं. काकांचा हात थरथरत होता,
गालांवरून पाणी ओघळलं, ते खरं होतं.
त्या जागेनं आम्हाला दिलेलं तेवढंच.

साडेचारशे फूट.
आधी काळी धूळ, मग करडी, मग पिठासारखी,
तुळशीवर, गाड्यांवर, वाळत घातलेल्या पापडांवर.
मशीनवरच्या तमिळ पोरांना नारळाचं काही नव्हतं,
फुटाचा भाव आधीच ठरलेला.
वहीत लिहिलं : ब्याण्णव हजार. कोरडं.

काका चार दिवस जेवले नाहीत.
बायका डबे घेऊन गेल्या.
पुराणिक म्हणाले, माणूस खोटा नाही हो,
पाणीच खोटं निघालं.

मग मी उल्हास टेंबेला आणलं.
भूजल खात्यात बारा वर्षं कंत्राटी, मग घरी बसवलेला.
पिशवीत नकाशा, जुन्या विहिरींच्या नोंदी,
खडकातली भेग कुठून जाते त्याची पेन्सिलीची रेघ.
म्हणाला, इथे. पार्किंगचा कोपरा.
मी म्हणालो, कागदावर आता कोण वर्गणी देईल?
नारळ धरशील?
तो हसला. मग हसायचा थांबला.
मग हळूच म्हणाला,
शेंडी कुठल्या बाजूला ठेवतात?

दोनशे दहा फुटांवर चिखल,
आणि चिखलामागून असा फवारा
की तिसऱ्या मजल्यावरची चादर भिजली.
बारा दिवस उल्हास देवमाणूस.
तेराव्या दिवशी पुराणिकांकडे सत्काराचं जेवण,
आणि जेवून उठताना
नकाशा त्यांच्या सोफ्यावर राहिला.

मीटिंग.
ढोंगी. देवाच्या नावावर धंदा. आपण काय अडाणी?
भिया, शेंडी लावली त्याने आपल्याला!
ओरडून घसे सुकले
तेव्हा ट्रेमधून पाणी फिरलं, पार्किंगच्याच बोअरचं.
कुणी नको म्हणालं नाही.
ठराव : टेंबे यांचे उरलेले सहा हजार देऊ नयेत.
सूचक, अनुमोदक, एकमताने.
मी सुवाच्य अक्षरात लिहिला.
शेंडीचं काही बोललो नाही.

फक्त काकांनी हात वर केला नव्हता.
एकमत म्हणजे पस्तीस, एवढं मी धरून चालतो.

त्याच रात्री ते माझ्या स्कूटरवर मागे बसले.
सुदामानगर, मागच्या जिन्याची खोली.
मला वाटलं चिडतील. उष्ट्या हाताने उल्हासनं दार उघडलं.
काकांनी बसायच्या आधीच विचारलं,
पोरा, खरं सांग. त्या कोपऱ्यात
तुझ्या हातात
जरा तरी हलला का रे?

उल्हासनं माझ्याकडे पाहिलं.
पंखा खडखडत होता.
हलला, काका, तो म्हणाला.
मी नव्हता हलवला.

खरं असेल, किंवा नसेल. त्याचा चेहरा
पार्किंगमध्ये होता तसाच होता,
आणि तेव्हाही मला वाचता आला नव्हता.

परतताना काका गप्प.
चोइथराम मंडीच्या वळणावर आरशात दिसलं,
तळहात उघडा, वर धरलेला,
त्यावर रस्त्याचे दिवे येत होते, जात होते.

जून लागला. ऑडिटवाला परवा येतो.
सहा हजार वहीत तसेच लोंबताहेत.
खर्ची टाकू,
की माझ्या नावे?